माहुलहून मिरजेस

मुंबईत जन्म काढूनही माहुल पाहिलेला मनुष्य विरळाच. बहुतेकांचे येणे चेंबुरापर्यंत होते आणि तेथूनच ते मागे वळतात. कोणी पुढे आलाच, तर एका हातास तेलाच्या प्रचंड टाक्या आणि दुसऱ्या हातास धूर सोडणाऱ्या चिमण्या पाहून, येथे माणसे राहत असतील हे त्याच्या मनातही येत नाही. परंतु माणसे राहतात. खाडीच्या काठाशी कोळीवाडा आहे, त्याचा लहानसा धक्का आहे, होड्या आहेत. भरती ओसरली की तिवरांच्या पलीकडे चिखलाचे विस्तीर्ण पटांगण उघडे पडते, आणि हिवाळा लागला की त्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. गुलाबी पक्षी आणि मागे काळ्या चिमण्या, असे हे दृश्य आहे. ते सुंदर म्हणावे की नाही, हे आम्हांस चाळीस वर्षे पाहूनही ठरविता आलेले नाही.

१९५४ आणि १९५५ या दोन सालांत तुर्भे बेटावर दोन तेलशुद्धी कारखाने उभे राहिले. त्यांपैकी एकात आमचे वडील हिशेबनीस म्हणून लागले आणि तेव्हापासून आमचे बिऱ्हाड या बाजूस आले. आज शेजारशेजारच्या दोन जागांत मिळून आम्ही नऊ माणसे राहतो. चूल मात्र एक. या घरातील सर्वांत वडील माणूस म्हणजे आमच्या आत्याबाई. त्यांस ब्याऐंशीवे वर्ष चालू आहे. त्यांचे बालपण सांगलीस गेले, लग्न होऊन त्या मुंबईस आल्या, आणि यजमान वारल्यावर गेली सव्वीस वर्षे त्या आमच्या घरी आहेत. त्यांच्याबरोबर एक ट्रंक आणि एक स्वरमंडळ आले. ट्रंकेत काय आहे ते आम्हांस अद्याप ठाऊक नाही. परंतु स्वरमंडळ साऱ्या आळीस ठाऊक आहे, कारण रोज दिवेलागणीस ते मांडीवर घेऊन आत्याबाई गात असत.

'असत' हा भूतकाळ लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, आणि या प्रवासाचे कारणही तोच होय. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचे गाणे हळूहळू बंद पडले. प्रथम आठवड्यातून चार दिवस, मग एकादशीस, मग मुळीच नाही. आम्ही समजलो, वय झाले, दम पुरत नसेल. घरातील नऊ माणसांपैकी एकासही खरे कारण विचारण्याचे सुचले नाही. विचारले ते दारावर येणाऱ्या कोळणीने. आमच्या घरी मासळी घेत नाहीत हे तिला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे. तरी जाता-येता दाराशी टेकून ती दोन शब्द बोलते. ती एके दिवशी म्हणाली, "आजी, तुमची पेटी मुकी कां झाली गो?" आत्याबाईंनी काही न बोलता आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले. बोटांची पेरे सुजून वाकडी झाली होती. त्यांचा गळा शाबूत होता. त्यांच्याने चावी फिरवत नव्हती.

ज्यांनी स्वरमंडळ जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. लाकडाची एक चपटी, एका बाजूस तिरपी कापलेली पोकळ पेटी असते. तिच्यावर तीस-पस्तीस पोलादी तारा ओळीने ताणलेल्या असतात. आत्याबाईंच्या पेटीस छत्तीस आहेत. गाणारा एका हाताने त्या तारांवरून बोटे फिरवितो आणि त्या स्वरांच्या पडद्यावर गातो. बडे गुलाम अलीखां, किशोरी आमोणकर यांच्या मांडीवर ते पुष्कळांनी पाहिले असेल. वाजविण्यास याहून सोपे वाद्य नाही, आणि लावण्यास याहून त्रासदायक वाद्यही नाही. तंबोऱ्यास चार तारा. त्यांच्या खुंट्या मुठीत मावतील एवढ्या असतात आणि शेवटचा सूक्ष्म फरक घोडीखालचा मणी खाली-वर सरकवून करता येतो. स्वरमंडळास छत्तीस लोखंडी खुंट्या. त्या बोटाने फिरत नाहीत, त्यांस चावी लावावी लागते. आणि छेडताना सर्वच तारा बोलत असल्यामुळे रागात वर्ज्य असलेला एकही स्वर तेथे राहून चालत नाही. यमन संपवून भैरव धरावयाचा, तर तिन्ही सप्तकांतील ऋषभ, मध्यम आणि धैवत उतरवावे लागतात. म्हणजे रागामागे आठ-दहा तारा आल्याच. तार अर्ध्या स्वराने चढवावयाची तर तिच्यावरील ताण सुमारे बारा टक्क्यांनी वाढवावा लागतो. तरुण मनगटास हे काही नव्हे. सुजलेल्या पेरांस मात्र ते दिव्य आहे.

माहुलची हवा या कामी आणखी आडवी येते. येथील हवेविषयी रहिवाशांनी केलेल्या तक्रारी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेल्या आणि २०१५ साली त्यांचा निकालही झाला, हे वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेलच. परंतु तारांच्या गंजाचे खापर आम्ही तूर्त खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावरच फोडतो. पावसाळ्यात एका महिन्यात नवी तार तांबूस होते.

आमचे चिरंजीव यंत्रशास्त्राचे पदवीधर आहेत आणि जगातील प्रत्येक दुखण्यावर एखादा स्क्रू असतो अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी सांगितले, की युरोपातील हार्प या वाद्यास याच अडचणीवर तोड काढलेली आहे. आम्ही मग थोडे वाचन केले आणि ते खरे ठरले. हार्पलाही प्रत्येक स्वराची तार निराळी; सूर बदलावयाचा तर तार नव्याने लावणे हाच एक मार्ग. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात टिरोल प्रांतातील कारागिरांनी हार्पच्या मानेत तारेशेजारी धातूच्या लहान आकड्या बसविल्या. आकडी वळविली की ती तारेस टेकते, तारेची बोलती लांबी तेवढी आखूड होते, आणि स्वर अर्ध्याने चढतो. पुन्हा उलटी वळविली की पूर्वस्थिती! यात दोष एकच होता. आकडी फिरविण्यास हात तारेवरून काढावा लागे. म्हणून पुढे अठराव्या शतकात बव्हेरियातील होखब्रुकर याने हे काम पायाकडे दिले, आणि १८१० साली पॅरिस व लंडन येथे कारखाने चालविणाऱ्या सेबास्तियाँ एरार याने एकाच पायटीने अर्धा आणि पुन्हा अर्धा असे दोन टप्पे चढविणाऱ्या यंत्राची सनद घेतली. आज मोठमोठ्या वाद्यवृंदांत दिसणारा सात पायट्यांचा हार्प तो हाच. परंतु आयर्लंड-स्कॉटलंडकडील लहान हार्पांवर हाताने उचलण्याची कळ अद्याप आहे. प्रत्येक तारेस एक. चिरंजीवांनी तिचे चित्र दाखविले तेव्हा आत्याबाईंनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "ही उचलायला बोट पुरेल. मूठ नको." मग थांबून म्हणाल्या, "मिरजेस दाखवून येऊ."

मिरजेचे नाव त्यांनी काढावे हे साहजिकच होते. तंतुवाद्य आणि मिरज ही जोडी महाराष्ट्रात शंभर-दीडशे वर्षांची आहे. तरी ब्याऐंशी वर्षांच्या माणसास रात्रीच्या गाडीने नेण्याचा बेत आमच्या कुटुंबास मुळीच पसंत नव्हता. आत्याबाईंनी त्यावर वाद केला नाही. स्वतःची वळकटी बांधून दाराशी ठेवली. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी आम्ही, आत्याबाई, चिरंजीव व सूनबाई असे चौघे महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो. स्वरमंडळ दोन सोलापुरी चादरींत गुंडाळून आत्याबाईंच्या उशाशी होते. रात्री जाग आली तेव्हा त्यांचा एक हात त्या गाठोड्यावर होता.

पहाटे मिरज आले. हे स्थानक एके काळी रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांच्या रुळांचे संगमस्थान म्हणून प्रसिद्ध होते. २०१६ च्या एप्रिलात तहानलेल्या लातुरास पाण्याच्या वाघिणी भरून गाड्या गेल्या त्या येथूनच. गावाची दुसरी कीर्ती वैद्यकाची. डॉ. वानलेस यांनी गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर उभारलेल्या मिशन रुग्णालयामुळे दूरदूरचे रोगी येथे येऊ लागले. विष्णु दिगंबर पलुसकर हेही लहानपणी डोळ्यांस इजा झाली म्हणून उपचारार्थ येथे आले, आणि उपचारांपेक्षा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीमच त्यांच्या नशिबी अधिक फळली. मिरजेस लोक दुखणे घेऊन येतात आणि कधी कधी गाणे घेऊन परततात. आम्ही दोन्ही एकदमच आणले होते.

सतार व तंबोरे करणाऱ्यांची आळी गावात प्रसिद्धच आहे. हे घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे तलवारी-भाल्यांस धार लावणाऱ्यांचे. इंग्रजी अमलात शस्त्रांचा व्यवसाय बसला. तेव्हा १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्ये दुरुस्त करता करता नवी वाद्ये करण्यास आरंभ केला, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तो धंदा वाढला, आणि आज त्याच वंशाची सहावी-सातवी पिढी त्याच कामावर बसलेली आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानात शिरताच प्रथम जाणवतो तो लाकडाचा व लाखेचा वास. भिंतीस सुकत टांगलेले भोपळे होते. हे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि खावयाचे नसून कडू जातीचे असतात. कोपऱ्यात तुणीच्या लाकडाच्या दांड्या उभ्या होत्या, आणि एक मुलगा खाली बसून हस्तिदंती रंगाच्या पट्टीवर कानस चालवीत होता. मुख्य कारागीर साठी ओलांडलेले, दाढीस मेंदी लावलेले गृहस्थ होते. आळीतील सारेच त्यांस चाचा म्हणत. आम्हीही तसेच म्हणू लागलो.

चाचांनी चादरी सोडल्या, स्वरमंडळ उलटे करून पाहिले, कानाशी धरून बोटाने तबलीवर टकटक केले, आणि कोणत्याही प्रश्नाआधी एक चावी घेऊन खुंट्या फिरविण्यास लागले. पाचव्या खुंटीस त्यांनाही दात-ओठ खावे लागले. "आजी, हात तुमचा एकट्याचाच आखडलाय असं नाही," ते म्हणाले, "ही पण आखडलीय." त्यांनी ती खुंटी पूर्ण बाहेर काढून दाखविली. तिच्या पोटाशी गंजाची तांबडी भुकटी साठून ती लाकडात धरून बसली होती. छत्तीसांपैकी तेवीस खुंट्यांची हीच गत! आम्ही खाली पाहिले. वर्षभर आत्याबाई ज्या खुंट्यांशी झगडत होत्या त्या एका धडधाकट कारागिरासही वळत नव्हत्या, आणि घरात यंत्रशास्त्राचा पदवीधर असताना कोणी चावी हाती घेऊन पाहिली नव्हती. चिरंजीवांचा चेहरा उतरला, हे सांगणे नलगे. आत्याबाई मात्र प्रसन्न दिसल्या. सारा दोष आपल्या हाताचा नाही हे कळल्याचे ते समाधान असावे.

मग हार्पचे चित्र निघाले. चाचांनी ते नीट पाहिले. असले वाद्य त्यांनी हाताळले नव्हते. पण आकडीचे तत्त्व त्यांस एका वाक्यात उमगले. "म्हणजे हा सतारीचा पडदाच की," ते म्हणाले, "फक्त बोटाऐवजी खिळा दाबतोय." आणि खरोखरच, सतारीच्या पडद्याचा एक उरलेला पितळी तुकडा घेऊन त्यांनी तो काटकोनात वाकविला, त्यास कानशीने बारीक खाच पाडली, आणि मधल्या सप्तकातील ऋषभाच्या तारेशेजारी छिद्र पाडून बसविला. बसवावयाचा कोठे, हा प्रश्न होता. चिरंजीवांनी हिशेब केला. तारेची बोलती लांबी चाळीस सेंटिमीटर. अर्धा स्वर चढविण्यास तिचा सुमारे अठरावा हिस्सा, म्हणजे दोन पूर्णांक दोन दशांश सेंटिमीटर कमी करावा. तसे केले. तार कोमल ऋषभावर आणली, ती आत्याबाईंच्या सांगण्याप्रमाणे, भैरवात त्यांच्या गुरुजींनी लावून दिली होती तशी, पुष्कळ उतरलेली. आकडी वळविली. तार चढली, थोडी झणझणलीही. आम्हां सर्वांस वाटले, झाले काम.

आत्याबाईंनी डोळे मिटले होते. त्या म्हणाल्या, "पोचला नाही. शुद्ध ऋषभ अजून वर आहे."

चाचांनी मान डोलावली. त्यांच्याही कानास तेच सांगावयाचे होते. आकडी काढून तीन मिलिमीटर पलीकडे नवे छिद्र पाडले. आता शुद्ध ऋषभ षड्जाशी असा मिळाला, की दुकानातील टांगलेल्या दोन-तीन तंबोऱ्यांच्या तारा आपोआप गुणगुणल्या. सूनबाईंनी टाळी वाजविली. परंतु आत्याबाईंच्या ओठांवर एक बारीक हसू आले होते, आणि ते आम्ही लहानपणापासून ओळखतो. "आता मारवा लावा," त्या म्हणाल्या. "आमच्या गुरुजींचा मारव्यातला ऋषभ याहून चढा असे." चाचांनी तार किंचित चढवून तो कोमल ऋषभ आणला. मग पुन्हा आकडी वळविली. शुद्ध ऋषभ आपली जागा सोडून वर गेला, आणि इतका, की आमच्यासारख्या बेसुऱ्यालाही तो टोचला.

यातील मर्म असे आहे. आकडी जागची हलत नाही, म्हणून ती नेहमी एकच अंतर चढविते. युरोपीय संगीताने सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडून घेतले आहेत. तेथे कोणताही अर्धा स्वर कोणत्याही दुसऱ्या अर्ध्या स्वराएवढाच, म्हणून एक आकडी सर्व कामांस पुरते. आपल्याकडे कोमल ऋषभ हा एक बिंदू नसून एक लहानसा प्रांत आहे. उतरलेल्या कोमलापासून शुद्धापर्यंतचे अंतर मोठे, चढ्या कोमलापासूनचे लहान. चिरंजीवांनी तेथल्या तेथे कागदावर मांडून दाखविले: चाळीस सेंटिमीटरांच्या तारेवर पहिल्यास आकडी अडीच सेंटिमीटरांवर हवी, दुसऱ्यास दोन सेंटिमीटरांच्या किंचित पलीकडे. अर्ध्या सेंटिमीटराहूनही कमी फरक. पण त्यातच भैरव आणि मारवा यांची ताटातूट.

हा वाद मिरज-सांगलीच्या मातीस नवा नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. श्रुती निश्चित करताना त्यांनी अब्दुल करीमखांसाहेबांच्या गळ्याची साक्ष घेतली. पुढे क्लेमंट्स या सिव्हिलियनाच्या साहाय्याने श्रुतींची पेटीही तयार झाली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली असता जमलेल्या गवयांस ती पटली नाही. त्याच्या शेकडो वर्षे आधी देवगिरीस यादव सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने दोन वीणांवर प्रत्येकी बावीस तारा चढवून श्रुतींची मोजणी सांगितली. त्याहीपूर्वी भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हाच प्रयोग लिहिला आहे. दोन वीणा सारख्या लावाव्या. एक तशीच ठेवून दुसरीचा पंचम एक श्रुती उतरवावा, मग बाकीचे स्वर त्याच्या मानाने उतरवावे, असे चार वेळा करीत जावे. यातील वीणा म्हणजे आजची पडद्यांची वीणा नव्हे. त्या काळची वीणा धनुष्याकृती होती, दर तारेस एक स्वर; म्हणजे जवळजवळ हार्पच. तेव्हा हार्पची तार हाताने किती उतरवावी हा विचार टिरोलच्या कारागिरापूर्वी पुष्कळ शतके आपल्याकडे झालेला आहे. आकडी त्याने केली. श्रुती आम्ही मोजली. असल्या तुलनेतून अभिमान वाटून घेण्याची आपल्या लोकांस खोड आहे, आणि दुकानात आम्हीही ती थोडी करून घेतली. पण तेवढ्याने आत्याबाईंची चावी काही फिरत नव्हती.

चाचा इतका वेळ स्वस्थ ऐकत होते. ते म्हणाले, की अरब-तुर्कांचे कानून नावाचे वाद्य आहे. स्वरमंडळासारखेच, पण तीन-तीन तारा एका स्वरास. त्याच्या प्रत्येक स्वरापुढे एक नव्हे, अनेक लहान लहान पत्र्याच्या कळा असतात. वाजविणारा डाव्या हाताने हव्या तेवढ्या उभ्या करतो, आणि श्रुतीएवढा, त्याहूनही बारीक फरक त्याला मिळतो. आम्ही मागाहून पाहिले. गोष्ट खरी आहे, आणि या कळा त्या वाद्यासही फार जुन्या काळच्या नाहीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या आहेत. तुर्की भाषेत त्या कळेस 'मंडल' म्हणतात, म्हणजे अडसर. अकबराच्या दरबाराची माहिती देणाऱ्या अबुल फजलने आपल्या स्वरमंडळाचे वर्णन कानूनसारखे एकवीस तारांचे वाद्य असेच केले आहे, आणि संगीतरत्नाकराचा टीकाकार कल्लिनाथ म्हणतो की ग्रंथातील मत्तकोकिला वीणेसच लोक स्वरमंडळ म्हणतात. तेव्हा उत्तर दूर नव्हते. परंतु छत्तीस तारांस प्रत्येकी चार कळा धरल्या तरी एकशे चव्वेचाळीस होतात! चाचा म्हणाले, "करून देईन. वर्ष लागेल, पेटी दुप्पट जड होईल, आणि आजींच्या मांडीवर ती ठेवायची कुणी?"

आत्याबाईंनी निकाल देऊन टाकला. "कळा नकोत. खुंट्या मोकळ्या करा."

चाचांनी सर्व खुंट्या काढून घासल्या, सैल झालेल्या छिद्रांत पातळ कागदाची घडी घातली, आणि नव्या पोलादी तारा चढविल्या. चावी मात्र त्यांनी नवीन केली, आणि ती आमच्या मते त्या दिवसाची खरी कारागिरी होय. जुनीचा दांडा तीन बोटे रुंद होता. हिला त्यांनी शिसवीचा वीतभर आडवा दांडा बसविला, दोन्ही टोकांस गोल गोळे ठेवून. दांडा लांब म्हणून जोर कमी लागतो, आणि गोळा तळहातात बसतो म्हणून बोटे वळवावी लागत नाहीत. आत्याबाईंनी एक खुंटी स्वतः फिरवून पाहिली. फिरली. ऋषभावरची ती एकुलती आकडी काढू का, असे चाचांनी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे. भैरव ते भूप एवढ्यापुरता एक ऋषभ तरी बोटाने चढेल." मजुरीचा आकडा ऐकून आमच्या कुटुंबाने नंतर भुवया उंचावल्या, पण त्यात आकडीचे काहीच धरलेले नव्हते.

काम संपेपर्यंत दोन दिवस गेले. मधल्या संध्याकाळी आत्याबाई मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेल्या. अब्दुल करीमखांसाहेबांची कबर तेथे आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीकडे जात असता मद्रासजवळील सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर त्यांचा अंत झाला आणि देह मिरजेस आणला गेला. दरवर्षी उरुसास तेथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. आत्याबाई लहानपणी वडिलांचे बोट धरून सांगलीहून ते ऐकण्यास येत आणि चिंचेच्या झाडाखाली वडिलांच्या उपरण्यावर झोपी जात. त्या दिवशी तेथे गाणे-बिणे काही नव्हते. त्या पंधरा मिनिटे बसल्या आणि उठल्या.

परतीस आम्ही दिवसाच्या गाडीने पुण्यास आलो, आप्तांकडे एक रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी लोणावळ्याकडील लोकलने मळवलीस उतरलो. हा आडमार्ग आमच्या हट्टाचा. भाज्याच्या लेण्यांत एका विहाराच्या भिंतीवर, हत्तीवर बसलेल्या भव्य पुरुषाच्या शिल्पाच्या खाली, एक स्त्री नाचत आहे आणि शेजारी एक स्त्री बसून धनुष्याकृती वीणा वाजवीत आहे. हे काम ख्रिस्तपूर्व काळातील, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुने. पायऱ्या आत्याबाईंच्याने होणार नव्हत्या. त्या खाली झाडाच्या सावलीस बसल्या. सूनबाई वर जाऊन फोटो घेऊन आल्या. दगड झिजला आहे, तरी मांडीवरची वीणा आणि तिची वाकलेली मान ओळखू येते. तिला खुंट्या नसत. मानेभोवती वाद्या गुंडाळून तारा बांधीत आणि त्या वाद्या हाताने पिळून सूर लावीत. ब्रह्मदेशातील 'साउंग' या वाद्यात ती पद्धत परवापरवापर्यंत होती. समुद्रगुप्ताच्या नाण्यावरही हीच वीणा आहे. पुढे ती आपल्या देशातून नाहीशी झाली. मंडल्याकडील परधानांच्या पाच तारांच्या 'बिन-बाजा'त तिची आठवण उरली आहे. आत्याबाईंनी फोटो मोठा करून घेतला, पुष्कळ वेळ न्याहाळला आणि विचारले, "हिची बोटं धड आहेत का गं?" सूनबाई म्हणाल्या, "झिजलीत, आत्याबाई." "मग बरंय," आत्याबाई म्हणाल्या.

माहुलास आल्यावरचे वर्तमान सांगितले पाहिजे, कारण मोठ्या दांड्याची चावी हेच सर्वस्वी उत्तर ठरले असे म्हटल्यास ते खोटे होईल. पहिला आठवडा आत्याबाईंनी स्वतः तारा लावल्या. दुसऱ्या आठवड्यात थंडी परतली आणि पेरे पुन्हा सुजली. पाच-सहा तारा होत, मग हात थांबे. एके संध्याकाळी सूनबाई कचेरीतून आल्या, पर्स खुंटीस अडकविली आणि न विचारता चावी हातात घेतली. या मुलीस गाण्याचे अंग नाही असे तिचे तीच सांगते. तिला कोमल कोणता, शुद्ध कोणता हे कळत नव्हते. आत्याबाई नुसते "वर... वर... थांब. किंचित खाली" असे म्हणत, आणि ती फिरवी. पहिल्या दिवशी छत्तीस तारांस दीड तास लागला आणि आमची जेवणे नऊ वाजता झाली. त्याबद्दल घरात कुरकुरही झाली, आणि तीत आम्ही होतो हे कबूल करतो. आता चाळीस मिनिटे पुरतात. गेल्या पंधरवड्यात तर आत्याबाईंनी "थांब" म्हणण्यापूर्वीच ती दोन-तीनदा आपण होऊन थांबली. तेव्हा दोघी काही बोलल्या नाहीत.

परवा पूर्वी लावायचा होता. भरतीची वेळ होती, खिडकीतून खाडीचा वारा येत होता, आणि दाराशी टोपली खाली ठेवून कोळीण बसली होती. वरच्या सप्तकातील धैवत उतरवून झाला आणि तीव्र मध्यम चढविताना सूनबाईंचा हात अंमळ जास्त गेला. तार ताडकन तुटली. सूनबाईंचे तोंड एवढेसे झाले. आत्याबाईंनी ट्रंकेची किल्ली कमरेची काढून तिच्या हाती दिली. "डाव्या बाजूस, शालूखाली," त्या म्हणाल्या, "मिरजेच्या तारांची पुडी आहे."